‘एक सिरिंज’ की ‘३२ युनिट’? आठ्यांच्या इंजेक्शनबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एक शिक्षिका, वय ४६. दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या पडल्यात आणि कपाळावर आडव्या रेषा आहेत. वर्गातली मुलं विचारतात, “बाई, रागावलाय काय?” चार आठवड्यांवर मुलीचं लग्न आलंय. बेळगावात दोन ठिकाणी आठ्यांच्या इंजेक्शनची, म्हणजे बोटॉक्ससारख्या औषधाची, चौकशी केली. एकीकडे ‘पूर्ण कपाळ, एक सिरिंज’ असा दर सांगितला, दुसरीकडे ‘३२ युनिट’ आणि युनिटमागे इतके. दुसरं महाग पडतंय. रक्तदाबाची आणि ॲस्पिरिनची गोळी रोज चालू आहे. दोन्ही औषधं एकच का, चेहरा दगडासारखा होईल का, आणि लग्नाआधी करून घ्यावं का, हे त्यांना हवंय.

ताई, ‘एक सिरिंज’ हे माप नव्हे; हे औषध मोजतात ते युनिटमध्ये. दूध किती आहे हे विचारल्यावर ‘एक तांब्या’ म्हणण्यासारखं आहे ते. त्यात पाणी किती, हे कळतच नाही. औषध बाटलीत कोरड्या भुकटीच्या रूपात येतं, जवळजवळ रिकामी वाटणारी बाटली असते. डॉक्टर त्यात सलाईन घालून ते पातळ करतात. १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाईन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात आणि एक मिलीची पूर्ण सिरिंज म्हणजे ४० युनिट. त्याच बाटलीत ४ मिली घातलं तर तीच पूर्ण सिरिंज २५ युनिटची होते. ५ मिली घातलं तर २० ची. सिरिंज तीच, पाण्यासारखा द्रवही तोच, डोळ्यांना काही फरक दिसत नाही. त्यामुळे पहिल्या ठिकाणी तुम्हाला ४० युनिटही मिळू शकतात आणि २० सुद्धा. जास्त पातळ केलं म्हणजे फसवलंच, असं मात्र समजू नका. काही जागी पातळ औषध मुद्दाम वापरतात. अंगात युनिट किती गेले हे कळलं पाहिजे, एवढंच.

युनिटच्या जोडीला कंपनीचं नावही विचारा. बोटॉक्सचं एक युनिट आणि डिस्पोर्टचं एक युनिट सारखं नाही. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सची ठरलेली मात्रा २० युनिट आहे, डिस्पोर्टची ५०. झिओमिनची पुन्हा २०. तुमचे ३२ युनिट बोटॉक्सचे असतील तर हिशेब नीट बसतो: मधल्या आठ्यांना २० आणि कपाळाला १२. तेच ३२ डिस्पोर्टचे असतील तर नुसत्या मधल्या आठ्यांनाही कमी पडतील. एका कंपनीचे युनिट अमुक आकड्याने गुणले की दुसऱ्याचे मिळतात, असं कुणी सांगितलं तरी ते सूत्र धरून चालू नका. प्रत्येक औषधाची मात्रा त्याच्या त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठरते.

आता हे औषध करतं काय. बोटुलिनम नावाच्या जंतूच्या विषापासून ते बनतं, ही गोष्ट लपवायचं कारण नाही. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं तेव्हा स्नायू आखडतो. हे औषध त्या टोकात शिरून एस.एन.ए.पी.-२५ नावाचं प्रथिन कापतं, मग रसायन बाहेर पडत नाही आणि स्नायू सैल राहतो. तंतू मरत नाही. काही आठवड्यांनी त्याचं काम पुन्हा सुरू होऊ लागतं, म्हणून असर साधारण तीन ते चार महिनेच टिकतो. ‘विष’ शब्दाने दचकणाऱ्यांनी मात्रेकडे पाहावं. जुनाट अर्धशिशीला हेच औषध डोक्या-मानेत ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट देतात. हातपाय आखडलेल्या प्रौढ रुग्णांना त्याहून जास्त लागतं, आणि तिथे तीन महिन्यांत मिळून ४०० युनिटची मर्यादा आहे. तुमच्या कपाळाला जाणार आहेत तीस-पस्तीस.

याची सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. डोळ्यांचा तिरळेपणा आणि पापण्यांची सतत फडफड यासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकूवरच्या डॉ. जीन करुथर्स पापण्यांच्या रुग्णांना ते देत असत. त्यांच्या लक्षात आलं की भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ पती डॉ. ॲलेस्टेर करुथर्स यांच्यासोबत १९९२ मध्ये त्यावर लेख छापला. अमेरिकेत आठ्यांसाठी परवानगी २००२ मध्ये, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ मध्ये आणि कपाळासाठी २०१७ मध्ये मिळाली. कपाळ इतकं अवघड का, हे पुढे आलं आहे. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

पण सुईच्या आधी एक काम करा: डोळे तपासून घ्या. चाळिशी ओलांडलेली बाई वह्या तपासताना भुवया आक्रसते ती बऱ्याचदा जवळचं नीट दिसत नाही म्हणून. चष्मा लागलाय आणि घातला नाही, किंवा नंबर वाढलाय, तर औषधाचा असर उतरल्यावर आठी पुन्हा तिथेच खोल होत जाणार. उन्हात राबणाऱ्यांचंही तसंच. उसाच्या फडात, शेतावर, दुचाकीवर उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करणाऱ्यांना टोपी आणि काळा चष्मा याच रेषांसाठी आधी सांगायला हवा. तो इंजेक्शनपेक्षा स्वस्त आहे, हे सांगायला कुणी फार उत्सुक नसतं.

मग आरसा घ्या. चेहरा सैल सोडा आणि बघा, आठी दिसते का? आता मुद्दाम आठ्या घाला. हालचाल केल्यावरच उमटणारी रेषा या औषधाने जाते. चेहरा शांत असतानाही जी कोरल्यासारखी राहते ती उथळ होईल, दोन-तीन वेळा केल्यावर आणखी उथळ होईल, पण पहिल्याच वेळी पुसली जाणार नाही. ‘पैसे गेले, काहीच झालं नाही’ अशा तक्रारींतल्या पुष्कळशा इथून निघतात. ती खोल रेषा भरायला फिलर घाला, असंही कुणी सुचवेल. फिलर हे वेगळंच इंजेक्शन आहे, जेल असतं ते. भुवयांच्या मधली जागा फिलरसाठी चेहऱ्यावरच्या सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो आणि जेल वाहिनीत गेलं तर कातडी काळी पडू शकते, दृष्टी जाऊ शकते. लोक दोन्हींना ‘इंजेक्शन’च म्हणतात, म्हणून कुठलं ते नावानिशी विचारून घ्या.

आठ्या घालणारे स्नायू भुवयांच्या मधे असतात. दोन्ही बाजूंचे कॉरुगेटर भुवया आत ओढतात, त्यामुळे उभ्या रेषा पडतात. नाकाच्या मुळावरचा प्रोसेरस भुवया खाली खेचतो, त्याने नाकाच्या वर आडवी चुणी पडते. आपण टिकली किंवा कुंकू लावतो त्याच्या जरा खाली प्रोसेरस येतो. (टिकलीच्या गोंदाने तिथे खाज किंवा लाली असेल तर ती बरी होईपर्यंत सुई नको. आणि त्या दिवशी कुंकू, पावडर, क्रीम सगळं पुसून जा. रंगातून सुई गेली तर त्याचे कण कातडीत अडकू शकतात.) बोटॉक्सची ठरलेली पद्धत पाच टोचण्यांची: प्रोसेरसमध्ये एक, प्रत्येक कॉरुगेटरमध्ये दोन, दर ठिकाणी ४ युनिट. कॉरुगेटर भुवईच्या आतल्या टोकाशी हाडाजवळ खोल असतो आणि बाहेर जाताना कातडीजवळ येतो. म्हणून आतली टोचणी खोल, बाहेरची उथळ. बाहेरची टोचणी भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटिमीटर वर हवी. द्यायच्या आधी डॉक्टर ती कड अंगठ्याने दाबून धरतात आणि सुईचं तोंड डोळ्यापासून दूर ठेवतात. हे दिसायला किरकोळ आहे, पण पापणी वाचते ती यानेच. औषध खाली सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की पापणी अर्धी मिटते. बोटॉक्सच्या आठ्यांवरच्या मूळ चाचण्यांत हे साधारण ३ टक्के लोकांत दिसलं होतं. सरावलेल्या हाताखाली ते बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही, आणि जो शून्य सांगतो त्याच्याकडे जाऊ नये.

आता कपाळ. इथे जरा थांबून वाचा.

भुवया खाली ओढणारे स्नायू अनेक आहेत, वर उचलणारा मात्र एकच. तो कपाळभर पसरलेला फ्रॉन्टॅलिस. आडव्या रेषा त्याच्याच. त्या घालवायच्या म्हणजे भुवया वर धरणारा एकमेव स्नायू ढिला करायचा. नुसत्या कपाळालाच औषध दिलं आणि मधले आठ्यांचे स्नायू तसेच ठेवले, तर खाली ओढणारे जोरात आणि वर धरणारा थकलेला, अशी रस्सीखेच होते आणि भुवया खाली येतात. म्हणून बोटॉक्सच्या माहितीपत्रकातही कपाळाच्या २० युनिटसोबत आठ्यांचे २० द्यायचेच सांगितले आहेत, एकूण ४०. ‘फक्त कपाळाला करा, मधलं नको, पैसे वाचतील’ हा आग्रह पुष्कळ जण धरतात. तो धरू नका. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर मधल्या आठ्या करा आणि कपाळ सोडा. तुमची तक्रारही आठ्यांचीच आहे; मुलांना ‘बाई रागावल्यात’ असं वाटतं ते आडव्या रेषांमुळे नव्हे.

दुसरा सापळा वयाचा. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर काहींच्या वरच्या पापणीची कातडी सैल होते, जड होते. तो माणूस नकळत कपाळ उचलून डोळे उघडे ठेवत असतो. आडव्या रेषा त्या धडपडीच्या असतात. फ्रॉन्टॅलिस सैल केला की डोळ्यांवर छप्पर उतरल्यासारखं होतं आणि संध्याकाळपर्यंत डोळे शिणतात. घरी तपासून बघता येतं: डोळे मिटा, कपाळ अगदी सैल सोडा, कुणाला तरी भुवयांच्या वर अंगठा हलका ठेवून कपाळ धरायला सांगा, मग डोळे उघडा. कपाळ उचलल्याशिवाय डोळे पुरते उघडत नसतील, किंवा पापणीची घडी पापण्यांच्या केसांवर टेकत असेल, तर कपाळाला एकही युनिट नको. वीस वर्षांपूर्वीचा एखादा फोटो सोबत न्या. पापणी मुळातच एका बाजूला खाली आहे का, हे त्यात कळतं. नाहीतर नंतर भांडण होतं, ‘इंजेक्शननेच झालं’ म्हणून.

म्हणून कपाळाला हात आखडता हवा. भुवईच्या वर दीड-दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची, टोचण्या त्याच्या वर. थेंब टोचल्या जागेपासून सुमारे एक सेंटिमीटर चहूकडे पसरतो, हे त्यात धरलेलं असतं. पुस्तकी २० ऐवजी ८ ते १२ युनिट पाच-सहा उथळ टोचण्यांत विभागून दिले तर रेषा मवाळ होतात आणि भुवया हलतात. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी कपाळाला १२ सांगितले असतील तर ते शहाणपणाचं आहे. कमी पडलं तर दोन आठवड्यांनी दोन-चार युनिट वाढवता येतात. जास्त झालेलं काढता येत नाही. यावर उतारा नाही. फिलर विरघळवणारं इंजेक्शन इथे काही करत नाही. ‘दगडासारखा चेहरा’ होतो तो औषधाने नव्हे, कपाळ एका दमात आणि भुवईपर्यंत भरल्याने.

उलट बाजूची चूकही होते. कपाळाच्या मधोमध दिलं आणि कडा सोडल्या, तर भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात आणि बाई नाटकातल्या खलनायिकेसारखी दिसायला लागते. याला घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांनी चढलेल्या जागी प्रत्येक बाजूला एक-दोन युनिट दिले की उतरतं.

डोळ्यांच्या कडेच्या रेषा तुम्ही विचारल्या नाहीत, पण तिथे गेल्यावर ‘त्याही करून टाकू’ असं ऐकायला मिळेल. बोटॉक्सची ठरलेली मात्रा दोन्ही बाजू मिळून २४ युनिट, दर बाजूला तीन टोचण्या, डोळ्याच्या हाडाच्या कडेबाहेर, अगदी कातडीखाली. तिथे नसा वर असतात, काळा-निळा डाग याच जागी जास्त पडतो. सुई खाली गालाकडे गेली तर हसू वाकडं होतं. ॲस्पिरिन चालू असताना आणि लग्न जवळ असताना माझं मत विचाराल तर या खेपेला ते राहू द्या. हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषा मुलीच्या लग्नात कुणाला खुपत नाहीत.

ॲस्पिरिनबद्दल: ती कुणी दिली आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे. हृदयाच्या किंवा मेंदूच्या त्रासानंतर दिलेली गोळी डागाच्या भीतीने मनाने बंद करायची नाही. एखादा निळा डाग आठ-दहा दिवसांत जातो. टोचल्यावर तिथेच मिनिटभर न चोळता दाबून धरलं आणि आधी बर्फ लावला तर बराच टळतो. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी घ्या. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन वगैरे घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं.

ज्यांनी हे करूच नये असे लोक: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा तशा मज्जा-स्नायूंच्या आजाराचे रुग्ण, टोचायच्या जागी पू-पुळी किंवा इसब असलेले, या औषधाची आधी ॲलर्जी आलेले. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना डिस्पोर्ट चालत नाही. जेन्टामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी असर वाढू शकतो. आणि सकाळी ठीक, पण संध्याकाळी पापण्या जड होतात, दोन-दोन दिसतं, घास चावताना जबडा दमतो, असं काही होत असेल तर आठ्या राहू द्या, आधी न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना दाखवा.

आता प्रत्यक्ष खोलीत काय बघायचं ते जवळून सांगतो, कारण प्रश्न तिथेच विचारायचे असतात. बाटली फ्रीजमधून निघायला हवी. कोरडी बाटली २ ते ८ अंशांवर ठेवायची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते-येते, आणि काही दवाखाने बाटली गरज पडेल तशी हुबळी किंवा कोल्हापुराहून मागवतात. ती बर्फाच्या डब्यात आली की खिशात, हे विचारणं आगाऊपणा नव्हे. बाटलीवरचं नाव, किती युनिटची, बॅच नंबर आणि मुदत वाचा, मोबाईलवर फोटो काढा. नाही म्हणणारा दवाखाना सोडून द्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये बनावट बोटॉक्सबद्दल इशारा दिला होता. तिथे होतं तर इथे होणार नाही असं धरून चालता येत नाही.

बाटलीच्या आत हवा काढलेली असते. सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई बुचातून आत गेली की बाटली ते स्वतःच ओढून घेते. ओढलं नाही तर बाटली बाद. मग ती हलके गोल फिरवायची, सरबतासारखी खदखदून हलवायची नाही. पातळ केल्यावर कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे २४ तासांत संपवायची, तीही फ्रीजमध्ये ठेवूनच. त्याहून जास्त दिवस ठेवूनही असर टिकतो, असं मानणारे बरेच तज्ज्ञ आहेत आणि तशी ठेवतातही. पण तुमच्यासाठी कधी पातळ केली, हे त्यांनी सरळ सांगायला हवं. एक बाटली एकापेक्षा जास्त जणांना वापरली तर सुई आणि सिरिंज प्रत्येकाची नवी. वापरलेली सुई पुन्हा बाटलीत जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरांच्याही हातून चुकते. हे औषध बहुधा मधुमेहाच्या इन्सुलिन सिरिंजने देतात, सुई बारीक असते म्हणून. आपल्या दुकानांत त्या दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची, एका मिलीला ४० इन्सुलिन युनिटच्या हिशेबाची, आणि केशरी टोपणाची, एका मिलीला १०० च्या हिशेबाची. अडीच मिलीत १०० युनिट म्हणजे एका मिलीत ४०, त्यामुळे लाल टोपणाच्या सिरिंजवरची एक रेघ नेमकी एक युनिट होते. केशरीवर तीच एक रेघ ०.४ युनिट. कुणी सवयीने ‘चार रेघा’ मोजल्या आणि सिरिंज केशरी निघाली, तर ४ ऐवजी १.६ युनिट गेले. दोन आठवड्यांनी तुम्ही म्हणाल औषध नकली होतं. औषध खरंच होतं, टोपण बदललं होतं. मात्र पातळ करण्याचं प्रमाण बदललं की हा सोपा हिशेब लाल सिरिंजवरही मोडतो.

टोचण्याआधी डॉक्टरांनी तुम्हाला बसवून आठ्या घाला, भुवया उचला, हसा असं करायला लावलं पाहिजे, शांत आणि हलत्या चेहऱ्याचे फोटो घ्यायला हवेत, पेन्सिलने खुणा करायला हव्यात. आडवं झोपवून, चेहरा हलताना न बघता थेट पाच ठिकाणी सुई घातली, तर तो नकाशा पुस्तकातला आहे, तुमच्या कपाळाचा नाही. स्पिरिट वाळू द्यायला सांगा, ओल्यावर टोचलं तर चुरचुरतं. संमतीपत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीत किंवा कन्नडात असतं. मराठीत वाचून दाखवा म्हणा, मग सही. दवाखान्याची कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची नोंदणी लावलेली आहे का बघा, आणि सुई धरणाऱ्याचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. पार्लरमध्ये, किंवा महिन्यातून एक दिवस येऊन हॉटेलच्या खोलीत करणाऱ्याकडून हे करून घेऊ नका. (पार्लरातलं ‘केसांचं बोटॉक्स’ हा वेगळाच प्रकार, त्यात हे औषध नसतंच, नुसतं नाव.)

झाल्यावर चिलटं चावल्यासारखे फुगवटे येतात, अर्ध्या तासात बसतात. चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही. खानापूरला परत दुचाकीवरून जाणार असाल तर घट्ट हेल्मेट नेमकं कपाळावर दाबतं. आणि हेल्मेट न घालता जा, असं तर सांगता येत नाही. त्या दिवशी बसने जा. फेशियल, मालिश, वाफ, जोराचा व्यायाम दुसऱ्या दिवसापर्यंत नको. फेशियल तर दोन आठवडे पुढे ढकललेलं बरं. सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असेल तर टोचून घेतल्या दिवशी नको. गर्दीत कुणीही प्रेमाने कपाळभर भंडारा चोळतं.

तिसऱ्या दिवसापासून आठी घालायला गेलं की ‘जोर लागत नाही’ असं वाटू लागतं. आठवड्याभरात कपाळ जरा जड लागतं, ते ओसरतं. डोकं एक-दोन दिवस दुखू शकतं. पूर्ण असर चौदाव्या दिवशी. त्याआधी कमी-जास्त ठरवू नका आणि कुणाला ‘अजून थोडं घाला’ म्हणू नका. एका बाजूचं आधी आणि दुसऱ्या बाजूचं दोन-तीन दिवसांनी सैल होणं सामान्य आहे. चौदा दिवसांनीही एक बाजू हलत असेल तर तिथे दोन युनिट पुरतात. त्यानंतर पुढची खेप तीन महिन्यांच्या आत नाही, कारण वरचेवर दिलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं.

पापणी पडली तर ती बहुधा पहिल्या दहा-चौदा दिवसांत पडते आणि काही आठवड्यांत आपोआप वर येते. तोवर ॲप्राक्लोनिडिन ०.५ टक्के थेंबांनी पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. तुम्हाला रक्तदाब आहे, तेही त्यांना सांगा. गिळायला त्रास, बोलणं जड होणं, श्वास लागणं, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही झालं, मग ते टोचल्यानंतर काही तासांनी असो की काही आठवड्यांनी, तर त्या दवाखान्याच्या फोनची वाट न बघता सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि बाटलीचा तो फोटो दाखवा. पापणीसोबत अचानक जोराचं डोकं दुखणं, बाहुली मोठी होणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं हे या इंजेक्शनच्या खात्यात टाकून घरी बसायचं नाही.

तर तुमचे चार आठवडे. करायचं असेल तर या आठवड्यात करा. मग चौदा दिवसांनी तपासणी, गरज पडल्यास दोन-चार युनिट, त्याचा असर दिसायला आणखी आठवडा, आणि डाग पडला तरी जायला वेळ मिळतो. या आठवड्यात जमलं नाही तर लग्नानंतरच करा. पहिलीच वेळ आहे, भुवया जरा जड झाल्या तर लग्नाच्या फोटोत तेच कायमचं राहील. पहिल्या खेपेला फक्त मधल्या आठ्यांचे २० युनिट घ्या, कपाळाचं दोन आठवड्यांनी आरशात बघून ठरवा. बऱ्याचदा आठी गेली की आडव्या रेषांकडे लक्षच जात नाही. तसं झालं तर ३२ चा खर्च २० वर येतो आणि ‘एक सिरिंज’वाल्याशी घासाघीस करायचीही गरज उरत नाही.

निघताना एका कागदावर लिहून मागा: औषधाचं नाव, बॅच, किती मिलीत पातळ केलं, कुठे किती युनिट, तारीख. पुढची खेप कदाचित कोल्हापूर-हुबळीला किंवा गोव्यात घ्याल. त्या डॉक्टरांना तुमच्या तोंडच्या वर्णनापेक्षा त्या पाच ओळींचा जास्त उपयोग होईल.